टेनेसीची जमीन

१८९६ सालचा जानेवारी महिना. मुंबईच्या वॉटसन्स हॉटेलात साठ वर्षांचा एक अमेरिकन पाहुणा उतरला होता. पिकलेल्या केसांचे रान, भरघोस मिशा आणि छातीत ठाण मांडून बसलेला खोकला. मुंबईत पाऊल ठेवले आणि त्याने अंथरूण धरले. खोलीत पडल्यापडल्या त्याने मुंबईचे कावळे पाहिले आणि पुढे आपल्या प्रवासवर्णनात त्यांच्यावर मोठ्या आवडीने लिहिले. जरा बरे वाटताच नॉव्हेल्टी थिएटरात त्याची व्याख्याने झाली. मग पुणे, बडोदे, अलाहाबाद, काशी, कलकत्ता अशी भटकंती करीत तो पुढे गेला. गावोगावच्या श्रोत्यांना त्याने पोट धरून हसवले.

पाहुण्याचे नाव मार्क ट्वेन. टॉम सॉयर आणि हकलबरी फिन या दोन वांड पोरांचा जनक म्हणून आपल्याकडे तो शाळकरी मुलांनाही ठाऊक असतो. त्याचे पाळण्यातले नाव सॅम्युएल लँगहॉर्न क्लेमेन्स. त्या वेळी तो जगातल्या सर्वात प्रसिद्ध लेखकांपैकी एक होता आणि अमेरिकेत सर्वाधिक कमाई करणाऱ्या लेखकांतही त्याची गणना होत असे. असा माणूस साठाव्या वर्षी, प्रकृती साथ देत नसताना, अर्ध्या जगाला वळसा घालून व्याख्याने का देत होता? हा दौरा हौसेचा नव्हता. त्याचे दिवाळे निघाले होते आणि तो कर्ज फेडीत होता.

चांगली मिळकत असलेली माणसे स्वतःला श्रीमंत समजत नाहीत, हा अनुभव आपल्या ओळखीचा आहे. महिन्याकाठी शेजाऱ्याच्या चौपट कमावणारा गृहस्थ शेजाऱ्याइतकाच, किंबहुना अधिक, चिंतेत दिसतो. आपण त्याला हावरट म्हणतो किंवा उधळ्या म्हणतो आणि मोकळे होतो. पण मार्क ट्वेनचे आयुष्य पाहिले की हे उत्तर अपुरे वाटू लागते. तो हावरट नव्हता, मनाचा उदार होता. कष्टाळूही होता. तरीही आपण खऱ्या अर्थाने श्रीमंत आहोत असे स्वस्थपणे म्हणण्याचा दिवस त्याच्या आयुष्यात फारसा आला नाही. याचे मूळ शोधायचे तर त्याच्या जन्माच्याही आधी, टेनेसी राज्यातल्या एका जमिनीपाशी जावे लागते.

ट्वेनचे वडील जॉन मार्शल क्लेमेन्स हे वकील होते, दुकानदारही होते, आणि दोन्हींत त्यांना यश बेताचेच आले. टेनेसीत राहत असताना त्यांनी तिथे कवडीमोलाने जमीन घेतली. थोडीथोडकी नव्हे, पाऊण लाख एकरांच्या आसपास. डोंगराळ आणि जंगलाने भरलेली. पण तिच्या पोटात कोळसा आहे, लोखंड आहे, आज ना उद्या तिथे रेल्वे येईल आणि आपली मुलेबाळे कोट्यधीश होतील, अशी त्यांची पक्की समजूत होती. पुढे हे कुटुंब मिसूरीत आले. तिथे फ्लोरिडा नावाच्या लहानशा गावी ३० नोव्हेंबर १८३५ रोजी सॅम जन्मला. मिसिसिपीकाठच्या हॅनिबल गावात तो वाढला. घरात सदैव ओढाताण असे, पण बोलणे श्रीमंतीचे. आज पैसा नाही, हरकत नाही. टेनेसीची जमीन आहे ना!

१८४७ साली वडील न्यूमोनियाने गेले. सॅम तेव्हा अकरा वर्षांचा होता. जमीन सोडू नका, थांबा, ती तुम्हाला श्रीमंत करील, हेच वडिलांचे अखेरचे सांगणे होते, असे ट्वेनने पुढे लिहून ठेवले आहे. घरच्यांनी ते पाळले. वर्षानुवर्षे वाट पाहिली. जमीन तुकड्यातुकड्यांनी, मिळेल त्या किमतीला हातची गेली आणि श्रीमंती काही आली नाही. उतारवयात आत्मचरित्र लिहायला घेतल्यावर ट्वेनने या जमिनीला शाप म्हटले. गरीब म्हणून जन्माला येण्यात काही वाईट नाही, श्रीमंत म्हणून जन्माला येण्यातही नाही. पण आज गरीब आणि उद्या श्रीमंत होणार, अशा आशेवर वाढणे हे भयंकर आहे, असा त्याच्या म्हणण्याचा आशय होता. निदान त्याला उशिरा का होईना कळले होते. औषध मात्र त्याने कधी घेतले नाही.

वडील गेल्यावर सॅम छापखान्यात उमेदवारीला लागला. मोबदला म्हणजे जेवण आणि कपडे. शिशाचा एकेक खिळा उचलून ओळी जुळवायच्या, छपाई झाली की तेच खिळे पुन्हा खणाखणांत टाकायचे. हे काम किती किचकट आणि वेळखाऊ असते ते त्याच्या बोटांना कायमचे कळले. ही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे, कारण त्याच्या सर्वनाशाचे बीज इथेच पडले.

पुढे तो मिसिसिपीवर आगबोटींचा वाटाड्या झाला. नदीचा प्रत्येक खडक, प्रत्येक वळण पाठ असणाऱ्या या पायलट मंडळींना त्या काळी मोठा मान असे. १८५९ साली त्याला परवाना मिळाला. पगार महिना अडीचशे डॉलर. त्या काळच्या तेवीस वर्षांच्या पोराला डोळे दिपवणारा. सारे आयुष्य याच धंद्यात काढायची त्याची तयारी होती. पण १८६१ साली यादवी युद्ध पेटले, नदीवरची वाहतूक थांबली आणि नोकरी गेली. थोरला भाऊ ओरायन नेवाडात सरकारी कामावर निघाला होता, त्याच्याबरोबर हाही गेला. तिथे चांदीच्या खाणींचे वेड पसरले होते. एका खाणीवर सॅम आणि त्याच्या सोबत्याने हक्क सांगितला, पण नियमाप्रमाणे दहा दिवसांत काम सुरू केले नाही म्हणून हक्क गेला. आपण दहा दिवस लक्षाधीश होतो, ही हकीकत त्याने पुढे रंगवून सांगितली. लोक हसले. पण कुदळ न मारता लक्षाधीश झाल्यासारखे वाटणे, हा अनुभव त्याला नवा नव्हता. टेनेसीने तो बाळपणीच दिला होता.

खाणीत जे मिळाले नाही ते लेखणीने दिले. युरोप आणि पवित्र भूमीच्या सफरीवरचे त्याचे पुस्तक १८६९ साली निघाले आणि पहिल्याच वर्षी त्याच्या सुमारे सत्तर हजार प्रती खपल्या. १८७० च्या फेब्रुवारीत एल्मायरा गावचे कोळशाचे धनाढ्य व्यापारी जर्व्हिस लँगडन यांच्या मुलीशी, ऑलिव्हियाशी त्याचे लग्न झाले. ट्वेन तिला लिव्ही म्हणे. सासऱ्याने बफेलो शहरात सजवलेले घर नवदांपत्याला भेट दिले. त्याच वर्षी सासरे वारले आणि लिव्हीला मोठा वारसा मिळाला. म्हणजे पस्तिशीच्या आत ट्वेनकडे नाव होते, खपाची पुस्तके होती, व्याख्यानांचे मानधन होते आणि पत्नीची इस्टेट होती. याहून श्रीमंती आणखी काय असते?

१८७४ साली कनेक्टिकटमधल्या हार्टफर्ड शहरात त्याने घर बांधले. खोल्या पंचवीस. स्वयंपाकीण, बटलर, कोचमन, मुलींसाठी बाई, असा सहासात नोकरांचा राबता. १८८१ साली टिफनी यांच्या मंडळींकडून अंतर्भागाची नव्याने सजावट करून घेतली. शेजारही तसाच. ‘अंकल टॉम्स केबिन’ची लेखिका हॅरिएट बीचर स्टो पलीकडेच राहत असे. दर आठवड्याला पंगती उठत, बाहेरगावचे पाहुणे मुक्कामाला येत. ट्वेन दांपत्याला मनापासून आतिथ्याची आवड होती, दिखाऊपणा त्यात कमी. पण आतिथ्यालाही पैसे पडतात. गंमत अशी, की या घरात त्याला लिहायला निवांतपणा मिळेना. त्याचे बहुतेक महत्त्वाचे लेखन उन्हाळ्यात एल्मायराजवळ मेहुणीच्या शेतावर, टेकडीवरच्या अष्टकोनी खोपटात झाले. खोपटात मिळवायचे आणि महालात खर्चायचे, असा त्याचा वर्षाचा क्रम होता.

मोठ्या मिळकतीच्या माणसाचे हे पहिले कोडे. मिळकत वरून दिसते, पण ती येण्याआधीच तिच्या वाटण्या झालेल्या असतात. आणि हे खर्च एकदा लागले की त्यांना चैन म्हणत नाहीत, गरज म्हणतात. पाहुणे बंद करता येत नाहीत, जुना बटलर काढता येत नाही. ज्याच्याकडे कमी असते त्याला निदान कुठे थांबायचे ते ठाऊक असते. शिवाय माणूस स्वतःला मोजतो ते आपल्या गल्लीच्या मापाने. कारखान्यातला अमेरिकन कामगार त्या काळी वर्षाला पाचशे डॉलरच्या आतबाहेर मिळवी. त्याच्या शेजारी उभा राहिला असता तर ट्वेनला स्वतःची श्रीमंती दिसली असती. पण रेल्वे, पोलाद आणि तेल यांत रातोरात कुबेर झालेल्यांचा तो काळ होता. त्या काळाला ‘गिल्डेड एज’, म्हणजे सोन्याचा नुसता मुलामा चढवलेले युग, हे नाव ट्वेननेच दिले. १८७३ साली चार्ल्स डडली वॉर्नरबरोबर लिहिलेल्या कादंबरीचे ते शीर्षक. तिच्यात टेनेसीची जमीनही आहे आणि उद्याच्या कोट्यवधींच्या गप्पा मारणारा कर्नल सेलर्सही आहे. सेलर्सवर बेतलेल्या नाटकाने ट्वेनला चांगले पैसे मिळवून दिले. वडिलांच्या जमिनीने घराण्याला काही दिले असेल तर ते असे, तिची टिंगल करून.

टिंगल करणाऱ्याने तोच खेळ मात्र सोडला नाही. नव्या शोधांचे त्याला वेड होते. त्याच्या स्वतःच्या नावावर तीन पेटंटे होती. त्यांतली कात्रणे चिकटवण्याची वही चांगली खपली. तिच्यात त्याचा एक शब्दही छापलेला नव्हता. दुसऱ्यांच्या शोधांत घातलेले पैसे मात्र बुडत गेले. छपाईचे ठसे बनवण्याची एक नवी रीत हजारो डॉलर गिळून बसली. टेलिफोनचे शेअर्स घरी चालून आले होते तेव्हा आपण नको म्हटले, असे तो स्वतःच सांगतो. टेलिफोन घरात मात्र लवकर आला.

आणि मग आले पेजचे यंत्र. जेम्स पेज हा संशोधक खिळे जुळवणारे यंत्र तयार करीत होता. माणसाच्या हाताप्रमाणे खिळा उचलणारे, ओळ जुळवणारे, तिच्यातली अंतरे सारखी करणारे आणि छपाईनंतर खिळे जागच्या जागी टाकणारे. लहानपणी ज्याची बोटे या कामाने दुखली होती, त्याला हा चमत्कारच वाटला. १८८० साली त्याने दोन हजार डॉलर घातले. यंत्राचे सुटे भाग सुमारे अठरा हजार होते. ते चाले तेव्हा थक्क करी. पण वारंवार बिघडे, आणि पेजला त्यात दर वेळी नवी सुधारणा सुचे. दशकाच्या अखेरीस ट्वेन दरमहा तीन हजारांहून अधिक डॉलर त्यात ओतीत होता, म्हणजे कामगाराची सहा वर्षांची कमाई एका महिन्यात. १८८९ च्या जानेवारीत यंत्राने एक ओळ बिनचूक बसवली, तेव्हा जगातले बाकीचे सारे शोध याच्यापुढे खेळणी आहेत असे त्याने भावाला कळवले. किती यंत्रे विकली जातील, वर्षाला किती लाख येतील, यांची गणिते त्याने वहीत मांडली. दरम्यान मर्गेंथेलरचे साधे, दणकट लायनोटाइप १८८६ सालीच न्यूयॉर्कच्या ‘ट्रिब्यून’मध्ये कामाला लागले होते. पेजच्या यंत्रात बुडालेली ट्वेनची रक्कम दोन ते तीन लाख डॉलरांच्या घरात धरली जाते. तिच्यात लिव्हीच्या वारशाचाही पैसा होता.

या सगळ्या काळात तो मिळवत नव्हता असे नाही. १८८४ साली त्याने भाचजावई चार्ल्स वेबस्टर याच्या नावाने प्रकाशन संस्था काढली. माजी राष्ट्राध्यक्ष जनरल ग्रँट तेव्हा भागीदाराच्या लबाडीने धुळीला मिळाले होते आणि घशाच्या कर्करोगाने मरणपंथाला लागले होते. त्यांच्या आत्मचरित्रासाठी ट्वेनने नफ्यातला सत्तर टक्के वाटा देऊ केला. ग्रँट जुलै १८८५ मध्ये वारले. लिखाण त्यांनी त्याच्या काही दिवस आधी संपवले होते. पुढच्या फेब्रुवारीत त्यांच्या पत्नीच्या हाती दोन लाख डॉलरचा धनादेश पडला आणि पुढेही रकमा मिळत गेल्या. त्याच सुमारास ‘हकलबरी फिन’ही गाजत होते. दुसऱ्याच्या विधवेला श्रीमंत करणारा हा गृहस्थ स्वतः मात्र रोकड कुठून आणावी या विवंचनेत असे. ग्रँटसारखे यश दर वर्षी येईल असे धरून संस्था चालली. पोप तेरावे लिओ यांचे चरित्र प्रत्येक कॅथलिक घरात खपेल हा अंदाज फसला. अमेरिकन साहित्याचे अकरा खंड हप्त्यांवर विकायला काढले. छपाईचा खर्च आधी, वसुली मागाहून, त्यामुळे जितकी विक्री अधिक तितकी संस्था कोरडी पडू लागली.

१८९१ साली हार्टफर्डचे घर बंद करून कुटुंब युरोपात गेले. त्यामागे प्रकृतीचे कारण होते, तसेच तिथे राहणे स्वस्त पडते हेही होते. १८९३ साली अमेरिकेत बँका कोसळल्या आणि १८ एप्रिल १८९४ रोजी प्रकाशन संस्थेचे दिवाळे जाहीर झाले. त्याच वर्षी शिकागोच्या वृत्तपत्रात पेजच्या यंत्राची चाचणी झाली आणि ते नापास झाले.

या वेळी स्टँडर्ड ऑइलमधले बडे असामी हेन्री रॉजर्स त्याच्या मदतीला उभे राहिले. धंद्यात निर्दय म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या माणसाने ट्वेनचा सारा व्यवहार हाती घेतला. पुस्तकांचे हक्क लिव्हीच्या नावे करून वाचवले. कायद्याने पाहिले तर पूर्ण देणे फेडण्याचे बंधन ट्वेनवर नव्हते; तडजोड करून सुटता आले असते. लिव्ही मात्र ठाम होती. डॉलरमागे शंभरच्या शंभर सेंट द्यायचे. रॉजर्सचेही मत तेच पडले. लाखभर डॉलरचे देणे, शंभराच्या आसपास धनको. जुलै १८९५ मध्ये दौरा सुरू झाला तेव्हा ट्वेनला काळपुळीने बेजार केले होते. बरोबर लिव्ही आणि मधली मुलगी क्लारा. थोरली सूझी आणि धाकटी जीन मागे राहिल्या. ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, हिंदुस्थान, दक्षिण आफ्रिका असे करीत वर्षभराने ही मंडळी इंग्लंडला पोचली. आता मुली येतील आणि घर पुन्हा भरेल असे वाटत असतानाच १८ ऑगस्ट १८९६ रोजी सूझी मेंदूज्वराने गेली, हार्टफर्डच्या त्या घरातच. आई आणि बहीण तेव्हा समुद्रात बोटीवर होत्या. ट्वेनला तार मिळाली ती इंग्लंडमध्ये, एकट्याला. त्या घरात पुन्हा राहणे लिव्हीला शक्य झाले नाही. पुढे ते विकून टाकले.

शोक करीत बसायलाही सवड नव्हती. दौऱ्यावरचे पुस्तक लिहून त्याने १८९७ साली प्रसिद्ध केले आणि १८९८ च्या जानेवारीअखेर शेवटच्या धनकोचे देणे चुकते झाले. कुटुंब तेव्हा व्हिएन्नात होते. धनकोंची पत्रे येत होती आणि लिव्ही ती पुन्हा पुन्हा वाचीत होती. सूझी गेल्यानंतरचा आपला हा पहिलाच खऱ्या आनंदाचा दिवस, असे ती म्हणाल्याचे ट्वेनने मित्राला कळवले. हाती फारसे काही उरलेले नव्हते, आणि तोच आनंदाचा दिवस ठरला. कर्जाच्या आकड्याला शेवट होता. दर महिन्याला तो किती उतरला हे दिसत होते. हार्टफर्डच्या वैभवाच्या काळात किती झाले म्हणजे पुरे, हा आकडा घरात कुणी मांडलाच नव्हता.

इथे गोष्ट संपायला हवी होती. पण कर्ज फिटून दोन महिने झाले नाहीत तोच ट्वेन कापडावरच्या विणीची नक्षी यंत्राने काढण्याच्या एका शोधाच्या मागे लागला. अमेरिकेचे हक्क घ्यायला पंधरा लाख डॉलरची भाषा सुरू झाली. रॉजर्सनी थंड डोक्याने चौकशी करून त्याला मागे खेचले. पुढे दुधाच्या भुकटीच्या एका कंपनीत त्याचे पैसे गेलेच. टेनेसीची जमीन दर वेळी नवे नाव घेऊन येत होती.

अखेरच्या वर्षांत त्याला काही कमी नव्हते. १९०३ साली हार्पर कंपनीशी झालेल्या करारात वर्षाला पंचवीस हजार डॉलरची हमी होती. पण १९०४ मध्ये लिव्ही फ्लॉरेन्सला वारली, १९०९ च्या मे महिन्यात रॉजर्स गेले आणि त्याच वर्षी नाताळच्या आदल्या दिवशी जीन गेली. २१ एप्रिल १९१० रोजी कनेक्टिकटमधल्या रेडिंगच्या टेकडीवरल्या घरात ट्वेनने डोळे मिटले, तेव्हा त्याची मालमत्ता साडेचार लाख डॉलरांहून अधिक भरली. त्याच्या चरित्रकाराने एक गोष्ट नोंदवून ठेवली आहे. या वृद्धाला वारंवार एक स्वप्न पडे. महिना जात नसे. आपण कफल्लक झालो आहोत आणि पोटासाठी पुन्हा नदीवर जाऊन आगबोट हाकावी लागते आहे.

त्या स्वप्नातला पायलट महिना अडीचशे डॉलर मिळवी आणि जगातला सर्वात मोकळा माणूस म्हणून ताठ मानेने सुकाणूपाशी उभा राही. ट्वेननेच तसे लिहिले आहे. तरुणपणी जे त्याचे वैभव होते, तेच म्हातारपणी त्याला दारिद्र्य म्हणून भेडसावत होते. पगार तोच, नदी तीच, माप बदलले होते.

आपल्या घरांत टेनेसीची जमीन नसते, पण तिची भावंडे असतात. दुसरा फ्लॅट, शेअर्स वर जाण्याची वाट, अमुक पद मिळाले की मग निवांत जगू हे स्वतःला दिलेले आश्वासन. त्यात गैर काही नाही. आशेवाचून संसार होत नाहीत. फक्त पुरे कशाला म्हणायचे तो आकडा कुठेतरी लिहिलेला असावा, आणि शक्य तर घरातल्या लिव्हीला विचारून लिहिलेला असावा.